कंट्रोलरची थरथर आणि कोर्टाची पायरी

सोल्डर (धागाकर्ता)

टेबलावर दोन कंट्रोलर उघडून ठेवले आहेत. एक प्लेस्टेशन २चा ड्युअलशॉक २, दुसरा प्लेस्टेशन ३ सोबत आलेला सिक्सॅक्सिस. बाहेरून सख्खी भावंडं. पण ड्युअलशॉकच्या दोन्ही मुठींत एकेक छोटी मोटर आहे, आणि मोटरच्या दांड्यावर एकाच बाजूला जड असलेला धातूचा तुकडा. मोटर फिरली की ते वजन हेलकावे घेतं आणि हात थरथरतो. डावीकडचं वजन मोठं, त्याचा घुमारा येतो. उजवीकडचं लहान, ते झणझणतं. सिक्सॅक्सिसच्या मुठी मात्र रिकाम्या. हातात घेतल्यावर हा कंट्रोलर इतका हलका का लागायचा, ते उघडल्यावर लख्ख दिसतं.

या रिकाम्या जागेमागे एक खटला आहे. इमर्शन नावाच्या कंपनीकडे स्पर्शाचा आभास देणाऱ्या तंत्राची पेटंटं होती. फेब्रुवारी २००२ मध्ये तिने सोनी आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांवर कॅलिफोर्नियात दावा लावला. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्येच २ कोटी ६० लाख डॉलर मोजून विषय संपवला. त्यातले २ कोटी परवान्याचे आणि ६० लाख इमर्शनचे शेअर घेण्यासाठी. सोनी लढली. सप्टेंबर २००४ मध्ये ज्यूरीने ८ कोटी २० लाख डॉलरची भरपाई ठरवली. मार्च २००५ मध्ये व्याज धरून ती ९ कोटी ७ लाखांवर गेली आणि अमेरिकेतली विक्री थांबवण्याचा आदेशही निघाला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो आदेश स्थगित ठेवला गेला, म्हणून दुकानातून माल हलला नाही.

अपील चालू असतानाच प्लेस्टेशन ३ आला, ११ नोव्हेंबर २००६ ला जपानमध्ये, थरथरीविना. थरथरीमुळे कंट्रोलरमधल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरमध्ये व्यत्यय येतो, असं कारण सोनीने दिलं. मार्च २००७ मध्ये सोनी आणि इमर्शनची तडजोड झाली. त्यानंतर ड्युअलशॉक ३ आला, तेच सेन्सर आणि दोन्ही मोटरी घेऊन. तारीख ११ नोव्हेंबर २००७. बरोबर एक वर्ष.

सेन्सरचं कारण अगदीच खोटं होतं असं मी म्हणत नाही. हलणाऱ्या वस्तूतली हालचाल मोजणं अवघडच असतं. पण तडजोड झाल्यावर काही महिन्यांत ते जमलं, हे डोळ्यांआड करता येत नाही. कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर दिले-घेतले, ते त्यांचं त्यांच्यापाशी. एक वर्षभर ज्यांनी तो पोकळ कंट्रोलर हातात धरला, त्यांचा विचार कुठल्याच निकालात नव्हता. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढला.

गेमिंगच्या हार्डवेअरवरचे असे आणखी खटले कुणाला माहीत असतील तर लिहा. नुसतं कोण जिंकलं ते नको, वाद नेमका कशावर होता तेही येऊ द्या.

जुनी कॅसेट

चांगला विषय. पण माझं मत थोडं कडक आहे. स्वतः एकही यंत्र बनवायचं नाही, कागद जपून ठेवायचा आणि दुसऱ्याचं यंत्र खपलं की कोर्टात जायचं, हा धंदा मला पटत नाही.

अनास्केप नावाच्या कंपनीचं घ्या. २००६ मध्ये टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल कोर्टात निंटेंडो आणि मायक्रोसॉफ्टवर दावा. मायक्रोसॉफ्टने तडजोड केली, निंटेंडो लढली. मे २००८ मध्ये ज्यूरीने निंटेंडोच्या गेमक्यूबचा कंट्रोलर, त्याचाच बिनतारी भाऊ वेव्हबर्ड आणि वी (Wii) या यंत्राचा क्लासिक कंट्रोलर दोषी धरून २ कोटी १० लाख डॉलर लावले. २०१० मध्ये फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, निकाल फिरवला.

आयलाइफ या कंपनीचं प्रकरण तर याहून विचित्र. पेटंट कशाचं? माणूस तोल जाऊन पडला तर ते ओळखणाऱ्या सेन्सरचं. वृद्धांच्या देखभालीसाठी उपयोगी पडणारी गोष्ट. दावा कोणावर? निंटेंडोच्या, हातात हलवून खेळायच्या वी रिमोटवर! २०१७ मध्ये डॅलसच्या ज्यूरीने १ कोटी १ लाख डॉलर देऊ केले. जानेवारी २०२० मध्ये जजने पेटंटमधली ती कलमंच रद्दबातल ठरवली. हालचालीची माहिती गोळा करायची, तपासायची आणि कळवायची, ही अमूर्त कल्पना झाली, तिच्यावर पेटंट मिळत नाही, असा निकाल. पुढच्या वर्षी अपिलातही तोच टिकला. दावा २०१३ चा. म्हणजे आठ वर्षं वकिलांची फी चालू.

वाटसरू

+१ जुनी कॅसेट. पेटंटच्या धंद्यातले ट्रोल आहेत सगळे.

तळटीप

"सगळे" यावर माझी हरकत आहे, आणि ती जरा सविस्तर मांडते. पेटंट शोधण्याचं आणि वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे.

आधी एक शब्दाची अडचण. मराठीत 'दावा' म्हणजे कोर्टातला खटलाही आणि पेटंटच्या शेवटी असलेली क्रमांकवार कलमंही. गोंधळ नको म्हणून त्या कलमांना मी क्लेम म्हणते. पेटंटची चित्रं, वर्णन, शीर्षक हे सगळं क्लेम समजून घेण्यासाठी. मालकी असते ती फक्त क्लेममधल्या शब्दांवर. क्लेममध्ये पाच घटक असतील तर समोरच्याच्या यंत्रात पाचही हवेत, निदान पाचव्याच्या तोडीचं काहीतरी हवं. चारच सापडले तर उल्लंघन नाही, मग कल्पना कितीही सारखी दिसो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे अल्पेक्स विरुद्ध निंटेंडो. अल्पेक्स ही काही नुसती कागद जपणारी कंपनी नव्हती. बदलता येणाऱ्या कार्ट्रिजवर खेळ ही कल्पना तिथल्या लोकांनी यंत्रात उतरवली आणि त्यातूनच १९७६ चा फेअरचाइल्ड चॅनल एफ आला. दावा १९८६ चा, निंटेंडोच्या एनईएस या घरगुती गेम यंत्रावर. १९९४ मध्ये ज्यूरीचा कौल अल्पेक्सच्या बाजूने, व्याजासह २५ कोटी डॉलरच्या वर. १९९६ मध्ये अपिलात सगळं पुसलं गेलं.

का, ते बघा. अल्पेक्सच्या पेटंटमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत एक स्वतंत्र जागा होती. पडद्याचं पूर्ण चित्र मेमरीत ठेवायचं, आणि हव्या त्या ठिपक्याची जागा थेट गाठून बदलायची. एनईएसमधली चित्राची चिप असं पूर्ण चित्र कुठेच ठेवत नाही. तयार तुकडे कार्ट्रिजमध्ये असतात. पडद्यावरची ओळ रंगवायची वेळ आली की त्या ओळीपुरत्या पट्ट्या उचलायच्या, आठ शिफ्ट रजिस्टरांमध्ये, म्हणजे आतली माहिती रांगेने पुढे सरकवणाऱ्या छोट्या कप्प्यांमध्ये, भरायच्या आणि पडद्याकडे ढकलायच्या. ओळ संपली की पुढची. म्हणजे एक माणूस भिंतीवर अख्खं चित्र रंगवून ठेवतो, आणि दुसरा तुमच्यासमोर एकेक ओळ ठसे मारत जातो. बघणाऱ्याला दोन्ही चित्रं एकच.

पण खरी गंमत पुढे आहे. पेटंट मिळवताना परीक्षकाने अल्पेक्ससमोर एक जुनं पेटंट ठेवलं होतं, ओकुडा नावाचं. त्यात शिफ्ट रजिस्टर होते. तेव्हा अल्पेक्सने लेखी सांगितलं होतं की आमची पद्धत त्याहून वेगळी आहे. वीस वर्षांनी तेच वाक्य अपिलात त्यांच्या आड आलं. पेटंट मिळवताना जे सोडलं, ते खटल्यात परत मागता येत नाही.

तेव्हा कुणाला ट्रोल म्हणण्याआधी पहिला क्लेम वाचावा, एवढंच मागणं आहे. क्लेम वाचायला अर्धा तास लागतो.

चांदणी

तळटीप, फार सोपं करून सांगितलंत. मला एक विचारायचं आहे. ज्यूरीने दिलेला निकाल अपिलात इतक्या वेळा कसा फिरतो? मग ज्यूरी कशाला?

तळटीप

चांदणी, क्लेममधल्या शब्दाचा अर्थ काय, हा अमेरिकेत जजचा प्रश्न. १९९६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मार्कमन खटल्यात ते पक्कं केलं. तो अर्थ धरून यंत्रात ती गोष्ट आहे की नाही, हा ज्यूरीचा प्रश्न. अपिलात शब्दाचा अर्थच बदलला की त्यावर उभा असलेला ज्यूरीचा कौल कोसळतो.

अनाहत

सगळ्यांच्या आधीचा खटला राहिलाच की! घरच्या टीव्हीवर खेळ ही गोष्ट राल्फ बेअर यांनी मांडली. ऑगस्ट १९६६ च्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका बसस्थानकावर सुचलेलं त्यांनी दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, चार पानांत लिहून काढलं. ते सँडर्स असोसिएट्स या संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथली शिस्त अशी की टिपणावर तारीख घालायची आणि सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. ती सवय पुढे फार कामाला आली.

त्यांच्या यंत्राचा परवाना मॅग्नाव्हॉक्सने घेतला आणि १९७२ मध्ये ओडिसी बाजारात आणला. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेममध्ये ओडिसी दाखवण्यासाठी एक कार्यक्रम झाला. आलेल्यांनी वहीत सह्या केल्या. त्यात २४ मेची एक सही होती नोलन बुशनेल यांची. महिनाभराने त्यांनी अटारी काढली आणि वर्ष संपायच्या आत त्यांचा पाँग हा टेनिससारखा खेळ आला. १९७४ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा ती वही पुराव्यात होती. अटारीने १९७६ मध्ये तडजोड करून परवाना घेतला. ज्यांनी घेतला नाही ते शिकागोत जज जॉन ग्रेडी यांच्यासमोर १९७७ मध्ये हरले. पुढे मॅटेल हरली, अ‍ॅक्टिव्हिजन हरली.

निंटेंडोने १९८५ नंतर वेगळा डाव टाकला. बेअर पहिले नाहीतच, १९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत लहरी दाखवणाऱ्या उपकरणावर, टेनिसचा खेळ बनवला होता, असं म्हणून पेटंटच रद्द करून मागितलं. हिगिनबॉथम यांनी त्याचं पेटंट कधी घेतलंच नव्हतं. कोर्टाने ते मानलं नाही. ऑसिलोस्कोपवरचा खेळ आणि टीव्हीच्या व्हिडिओ सिग्नलवर चालणारा खेळ या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. या पेटंटांच्या जोरावर वर्षानुवर्षं मिळून १० कोटी डॉलरहून जास्त वसूल झाले.

आता सांगा, बेअर ट्रोल का? खटले लढणाऱ्या मॅग्नाव्हॉक्सनेही ओडिसी विकला होता. त्या माणसाने यंत्र हाताने जोडलं, आणि त्याच्या कल्पनेवर दुसऱ्यांनी उद्योग उभे केले. मला तरी त्या चार पानांची बाजू घ्यावीशी वाटते.

वाटसरू

अनाहत, तळटीप, "सगळे" हा शब्द मागे घेतो. वहीतल्या सहीची गोष्ट अजिबात माहीत नव्हती.

जुनी कॅसेट

बेअर यांच्याबद्दल दुमत नाही. पण एक मुद्दा सोडत नाही. इमर्शनने सोनीला गाठलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही हात धुऊन घेतले. २००३ च्या करारात असं कलम होतं की सोनीकडून तडजोडीचे पैसे मिळाले तर त्यातला काही वाटा मायक्रोसॉफ्टचा. तो मिळेना म्हणून २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने उलट इमर्शनवरच दावा लावला आणि २००८ मध्ये २ कोटी साडेसात लाख डॉलर मिळवले. भरलेले पैसे जवळपास परत! यात शोध कुठे आला?

सोल्डर (धागाकर्ता)

तळटीप, अनाहत, मनापासून आभार. जुनी कॅसेट, त्या कराराचं मलाही बोचतं. इमर्शन पुढेही थांबलेली नाही. २०२२ मध्ये मेटावर क्वेस्ट २ या डोक्याला लावायच्या व्हीआर संचासाठी आणि २०२३ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीवर हातात धरून खेळायच्या स्टीम डेकसाठी तिने दावे लावले.

पण आधी बोलणी झाली असती तर काय, हा प्रश्न मला जास्त सतावतो. निंटेंडो ३डीएसचंच घ्या. चष्म्याशिवाय त्रिमितीय चित्र. सेइजिरो तोमिता हे पूर्वी सोनीत असलेले संशोधक. २००३ मध्ये त्यांनी निंटेंडोच्या लोकांना आपला नमुना दाखवला होता. २०११ मध्ये ३डीएस आला आणि त्यांनी दावा लावला. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ३ कोटी २ लाख डॉलर दिले, जज रॅकॉफ यांनी ते निम्म्यावर आणले, आणि क्लेमचा अर्थ चुकीचा लावला म्हणून अपील कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण परत पाठवलं. २०१६ मध्ये त्याच जजनी उल्लंघन झालंच नाही असा निकाल दिला. तोमिता रिकाम्या हाताने परतले. क्लेमच्या शब्दांत ते बसत नसेल तर बसत नाही, हे मान्य. तरी त्या २००३ च्या खोलीत काय बोलणं झालं असेल, हे मनातून जात नाही.

शिवण

युरोपबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. अमेरिकेत २००६ च्या सुप्रीम कोर्टाच्या ईबे निकालानंतर विक्रीबंदी आपोआप मिळत नाही, बहुतेक वेळा हिशेब पैशांत होतो. युरोपात मात्र माल खरोखर अडतो.

२०११ मध्ये एलजीने ब्लू-रेच्या पेटंटांवरून नेदरलँड्समध्ये आदेश मिळवला आणि सीमाशुल्क खात्याने प्लेस्टेशन ३चे हजारो संच रोखले. दहा-बारा दिवसांत हेगच्या कोर्टाने ती जप्ती उठवली. त्याआधी सोनीने अमेरिकेत एलजीच्या मोबाइल फोनविरुद्ध तक्रार केली होती, त्याचा हा उलटा फटका होता. ऑगस्टमध्ये दोघांनी मिटवलं.

पुढच्या वर्षी मोटोरोलाने जर्मनीत, मानहाइमच्या कोर्टात, एक्सबॉक्स ३६० विरुद्ध बंदीचा निकाल मिळवला. पेटंटं एच.२६४ मानकाची, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर करून साठवण्याच्या, सगळ्यांनी मान्य केलेल्या पद्धतीची. निकाल लागण्याआधीच मायक्रोसॉफ्टने आपलं युरोपातलं वितरण केंद्र जर्मनीतून नेदरलँड्सला हलवायला घेतलं होतं. मग सिअ‍ॅटलच्या जज रोबार्ट यांनी, इथला वाद सुटेपर्यंत तो जर्मन निकाल बजावू नका, असं मोटोरोलाला बजावलं. मोटोरोलाने प्रत्येक उपकरणाच्या किमतीच्या २.२५ टक्के मागितले होते. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ते वर्षाला ४०० कोटी डॉलर होत होते. २०१३ मध्ये जजनी रास्त रक्कम काढली, वर्षाला सुमारे १८ लाख डॉलर. हा आकडा मी परत परत वाचला. मानकातलं पेटंट म्हणजे रस्त्यावरचा नाका. जायचं तिथूनच, म्हणून तिथला दर कुणीतरी तटस्थ माणसानेच ठरवायला हवा.

चांदणी

शिवण, नाक्याची उपमा फार नेमकी आहे. वाचतेय. सगळ्यांनी लिहीत राहा.

निळाई

पहिल्यांदाच प्रतिसाद देते आहे. आम्ही तिघं मिळून, बोटांची ताकद कमी असलेल्यांसाठी कंट्रोलर बनवतो. अंगठ्याचं काम मागच्या बाजूला मधल्या बोटांकडे द्यायचं, एवढीच कल्पना. मागच्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. मागची कळ आमच्या पेटंटमध्ये येते, विक्री थांबवा किंवा परवाना घ्या. तीन पानी पत्र. त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही. साचा तयार होता, पन्नास नग जोडून झाले होते. तेव्हापासून ते खोक्यातच आहेत.

वरचं वाचून प्रश्न पडला. मागे कळ असणं हीच कुणाची मालकी असू शकते का?

तळटीप

निळाई, नुसती "मागे कळ" एवढं व्यापक सहसा टिकत नाही. याच विषयावरचा खटला सांगते, तो नीट वाचा. आयर्नबर्ग, म्हणजे पेटंटवाली कंपनी, विरुद्ध व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या स्टीम कंट्रोलरला मागे बॅटरीचं झाकण होतं. ते झाकणच प्लास्टिकचा एक सलग तुकडा, आणि त्याचे दोन्ही बाजूंचे पंख दाबले की वाकून आतली बटणं दाबली जायची. आयर्नबर्गच्या क्लेममध्ये मागच्या बाजूला वरपासून जवळजवळ खालपर्यंत जाणारी लांबट पट्टी होती, आणि ती पट्टी अंगभूत लवचिक असावी असं लिहिलेलं होतं. सगळा वाद या दोन गोष्टींभोवती फिरला, पट्टी किती लांब आणि लवचिक म्हणजे किती.

व्हॉल्व्हला २०१४ मध्येच सूचना मिळाली होती. तरी २०१५ मध्ये कंट्रोलर बाजारात आला, दावा लागला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सिअ‍ॅटलच्या ज्यूरीने, व्हिडिओ कॉलवर चाललेल्या खटल्यात, जाणूनबुजून उल्लंघन केलं असं म्हणून ४० लाख डॉलरच्या वर भरपाई दिली. २०२३ मध्ये अपिलात ती टिकली.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. पत्राकडे दुर्लक्ष करू नका, कारण "माहीत असून केलं" हे पुढे महागात पडतं. आणि पत्रात दिलेला पेटंट क्रमांक शोधून पहिला क्लेम कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक घटक वेगळ्या ओळीत. प्रत्येक ओळीसमोर तुमच्या यंत्रातला भाग लिहा. जिथे ओळ रिकामी राहते, तिथे बोट ठेवा आणि मग पेटंटच्या वकिलाकडे जा. शेवटचा शब्द त्यांचा, माझा नव्हे.

सोल्डर (धागाकर्ता)

निळाई, धीर सोडू नका. रेषेबाहेरून वाट काढणं या क्षेत्रात जुनं आहे. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांची अधिक चिन्हासारखी दिशांची कळ १९८२ मध्ये गेम अँड वॉच या छोट्या हातातल्या खेळावर आली, अमेरिकेतलं पेटंट १९८७ मध्ये मिळालं आणि २००५ मध्ये संपलं. सोनीच्या कंट्रोलरवर मात्र चार सुट्या कळा दिसतात. ते पेटंट टाळण्यासाठीच तसं केलं, असं सर्रास सांगतात. माझ्यासमोरचा ड्युअलशॉक उघडून बघितला, तर खाली चारही कळा एकाच प्लास्टिकच्या तुकड्यावर आहेत. मधला भाग फक्त कवचाने झाकलेला.

अवांतर: कळेचा फोटो टाकता आला तर टाका. स्प्रिंग कशी बसवली आहे ते बघायचं आहे.

निळाई

काल रात्री तळटीप यांनी सांगितलं तसं केलं. पहिल्या क्लेममध्ये आठ घटक निघाले. सहा आमच्याकडे आहेत. सातव्यात लिहिलंय की दाबल्यावर कळ स्वतः वाकते आणि स्वतःच मूळ जागी येते. आमची कळ धातूची, ताठ. ती बिजागरीवर फिरते आणि वेगळी स्प्रिंग तिला परत आणते. कमजोर बोटांना वाकवण्यासाठी जोर लागू नये म्हणूनच आम्ही बिजागरी घेतली होती. सातव्या ओळीसमोर काही लिहिता आलं नाही. स्प्रिंग सातव्याच्या तोडीची ठरेल का, ते वकिलांना विचारायचं आहे. आठव्याबद्दल मला खात्री नाही.

सोमवारी भेट ठरली आहे. तो कागद आणि एक कळ सोबत नेते. फोटो आजच टाकते, भेटीत काय झालं ते इथेच लिहीन.